भुजंगानं आधी शेवट वाचला

पोथी वाचणाऱ्या माणसाला शेवट आधी बघायची खोड असते. दोष त्याचा नाही, पोथीचा आहे. आमच्या देवळात श्रावणात पोथी लागायची आणि ज्याला महिनाभर बसायची सवड नसे, त्याला जुनी माणसं सांगायची, "बाबा, शेवटचा अध्याय तेवढा ऐकून जा. साऱ्या पोथीचं सार त्यात आलंय, पुण्यबी पुरं मिळतंय." पेडगावच्या शिवारात मेंढरं राखणारा माझा बालमित्र भुजंग याच वळणात वाढला. तसे आम्ही दोघं सातवीपर्यंत गावच्या शाळेत एकाच तरटावर बसलो, पण खरं वाचायला तो शिकला ते देवळात.

चाळीस श्रावण भुजंगानं पोथी वाचली. तो ओवी म्हणायचा आणि शेजारी बसून मी अर्थ सांगायचो. अर्थ कळला तरी सांगायचो, नाही कळला तर जास्तच सांगायचो. एका ओवीवरून मी आमच्या मारक्या म्हशीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत भुजंगाचं तंबाखू मळून, खाऊन, थुंकून व्हायचं.

सहा वर्षांखाली पोरांनी देवळात स्पीकर बसवला. पेनड्राइव्ह खुपसला की पोथी आपोआप सुरू. मधी खोकला नाही, ठसका नाही आणि अर्थही नाही. भुजंग कुणाशी भांडला नाही. घरी आला, चष्मा कोनाड्यात ठेवला आणि अक्षरांशी अबोला धरला. अबोला इतका कडक की एसटीची पाटीसुद्धा वाचेना. एकदा परभणीहून गंगाखेडला नातीकडं निघाला आणि सोनपेठात उतरला.

मी म्हटलं, "अरे, पाटी वाचता येत नव्हती का?"

"येत व्हती. वाचली न्हाई."

ही नात म्हणजे राजेश्री. गंगाखेडला एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या आषाढात ती आली आणि जाताना आजोबाच्या घोंगडीवर एक जाड कादंबरी टाकून गेली. कव्हरावर बंद दाराचं चित्र. "आबा, रहस्यकथा हाय. वाचा, न्हाईतर उशाला घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली होती. भुजंगानं कोनाड्यातून बरोबर आणलेला चष्मा बाहेर काढला. 'नुसती धूळ पुसायला,' असं तो आजही सांगतो. पुसलेला चष्मा डोळ्याला लावला आणि हाताला जी सवय होती तसं हातानं केलं. शेवटचं पान उघडलं. ते वाचून तो उठला तो तडक माझ्या शेतातल्या आखाड्यावर. मेंढरं तशीच लिंबाखाली.

"रामहऱ्या, येक अर्थ सांग."

गोष्ट अशी होती. सुलभा नावाच्या पोरीची आई भरदुपारी घरातून नाहीशी होते. तव्यावर भाकर अर्धी कच्ची तशीच. वीस वर्षांनी पोरगी आईचा शोध घ्यायला निघते. शेवटच्या पानावर गावातला म्हातारा कंपाउंडर तिच्यापुढं उभा राहून म्हणतो, "त्या दिवशी मीच तुझ्या आईला गाडीत बसवलं." आणि ती पोरगी काही न बोलता त्याला ताट वाढते. संपलं पुस्तक.

"आपली माय पळवणाऱ्याला कुणी जेवू घालतंय व्हय?" भुजंग म्हणाला.

सहा वर्षांनी मला कुणी अर्थ विचारत होतं. मला हुरूप आला. म्हणालो, "सोपं हाय. ताटात इख घातलंय."

भुजंगानं कपाळावर हात मारला. "बराबर! बिलकुल बराबर!" पण त्याला चैन पडेना. ही पोरगी इखापर्यंत आली कशी, हे बघायला तो पहिल्या पानावर गेला.

आता भुजंगाला मनात वाचता येत नाही. मोठ्यानं वाचतो आणि पोथीच्याच चालीत. "इन्स्पेक्टर खेकसला, जीप थांबवा" हेही तो असं आळवतो की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. शेजारी दिनकररावांच्या सोयाबीनमध्ये तानुबाईची खुरपणीची टोळी होती. बाया त्याच लिंबाखाली भाकरी सोडायच्या. पहिल्या दिवशी त्या हसल्या, दुसऱ्या दिवशी ऐकायला लागल्या, तिसऱ्या दिवशी जेवण संपलं तरी उठेनात. चौथ्या दिवशी दिनकरराव शेताच्या धुऱ्यावरून ओरडत आले, "अगं तानुबाई, तण कोण काढणार, तुझा बाप?"

"मालक, तिच्या मायची ट्रंक उघडायलेत. जरा थांबा."

मालक म्हणून थांबले आणि श्रोता म्हणून खाली बसले. मी भुजंगाच्या उजव्या हाताला माझी जुनी जागा धरली. तो एक प्रकरण वाचायचा, मी मधूनमधून अर्थ सांगायचो. प्रकरण संपलं की भुजंग पुस्तकाला हात जोडायचा आणि साऱ्या बाया पदर सावरून नमस्कार करायच्या. प्रकरणं तेरा होती. रोज एक.

पाचव्या दिवशी भुजंगाची बायको भिवराबाई आमच्या दारात आली. "भावजी, सहा वर्सं ह्यांचं तोंड फकस्त जेवायला उघडत व्हतं. आता मेंढरांसंगंबी बोलायलेत. शेवट बाया-मान्सांला कळला तर उद्यापून लिंबाखाली कुत्रं येणार न्हाई. ह्यांनी तर शेवट पोटात ठिवलाय. तुमच्या पोटाचं काय?"

"वैनी, इमानानं सांगतो, एक शब्द फुटणार न्हाई."

त्याच सांजेला मी तो शेवट माझ्या बायकोला, दैवशालाला सांगितला. तिला सांगणं म्हणजे काही फुटणं नव्हे. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आहे. तिनंही तोंडावर बोट ठेवलं. मी निर्धास्त झोपलो.

तिकडं भुजंगाचे हाल बघवत नव्हते. तानुबाई रोज भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा पुढं करायची. "दादा, येवढंच सांगा, माय जित्ती हाय का?" भुजंग ठेचा खायचा, नाकाडोळ्यांतून पाणी काढायचा, पण बोलायचा नाही. ज्या माणसाच्या पोटात कधी मेंढीच्या गाभणपणाची खबर राहिली नाही, त्यानं अख्खा खून पोटात ठेवला होता. कंपाउंडर बोलायला लागला की तो राक्षसाचा आवाज काढायचा आणि बाया एकमेकींकडं बघून माना हलवायच्या. मला वाटायचं, काय रंगल्यात!

नवव्या दिवशी घरी परतताना तो हळूच म्हणाला, "रामहऱ्या, त्या कंपाउंडरच्या तोंडी राक्षसाचा आवाज बसंना गड्या. दर दिवाळीला त्या पोरीला फ्रॉक कोण धाडायलंय?"

"पापी माणूस पाप झाकायला धाडतो," मी अर्थ सांगितला.

तेराव्या दिवशी लिंबाखाली चाळीसेक माणूस. भिवराबाईनं समाप्तीचा शिरा आणला होता. भुजंगानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच पानाला त्याची चाल मोडली. आवाज साधा झाला, घरात बोलल्यासारखा.

आईला अंगावर चट्टे उठले होते. कुष्ठरोग. गावाला कळलं तर पोरीला कुणी दारात उभं करणार नाही, म्हणून तिनंच कंपाउंडरला गळ घातली होती. त्यानं तिला लांबच्या दवाखान्यात पोचवलं आणि तिला दिलेली शपथ आई जाईपर्यंत पाळली. वीस वर्षं गावानं त्याच्यावर संशय घेतला, त्यानं तो घेऊ दिला. फ्रॉक आईनं शिवलेले होते, तो फक्त पोचवत होता. हे सारं पोरीला आधीच्या पानांवर कळलेलं असतं, म्हणून शेवटच्या पानावर ती चुलीपाशी बसते, त्या दिवशी अर्धी राहिलेली भाकर आज पुरी भाजते, आणि ताट वाढते.

पुस्तक मिटलं. नमस्कार करायचं कुणाला सुचलं नाही. दिनकरराव उपरण्यानं डोळे पुसत होते. भुजंगाचा चष्मा भिजून गेला होता. कुठंतरी एक मेंढरू शिंकलं.

तानुबाईनं नाक पुसलं आणि माझ्याकडं वळली. "आन् नाना, तुमी इख म्हणला व्हता!"

भुजंगानं मान उचलली. "तुला कोणी सांगितलं गं?"

"दैवशालाकाकूनं. पाचव्याच दिशी. पर म्हणल्या, कुणाला सांगू नको."

"मला तानुबाईनं सांगितलं," दिनकरराव म्हणाले. "कुणाला सांगू नका म्हणून." मग एकेक हात वर व्हायला लागला. साऱ्या चाळीस जणांना इख ठाऊक होतं. भिवराबाई तेवढी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या हातात शिऱ्याचं उलथनं होतं, म्हणून मी नजर खाली घातली.

भुजंगाला राग यायला पाहिजे होता. पण तो भलत्याच विचारात होता. "समद्यांना ठावं व्हतं? मग आठ दिस कशाला येऊन बसला?"

"बगा, आता ह्यांचं!" तानुबाई म्हणाली. "पोथीचा शेवट कोणाला ठावं नसतोय? तरीबी येतावच की. अन् तुमी येवढं जपून ठिवलं व्हतं, तुमचं मन कसं मोडावं?"

भुजंग हसायला लागला. इतका हसला की मेंढरं उठून उभी राहिली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "चाळीस वर्सं ह्यानं पोथीचे काय काय अर्थ सांगितले असतील गं माय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परभणीच्या स्टँडवर उभा राहिला, पाटी मोठ्यानं, चालीत वाचली, आणि बरोबर गंगाखेडला उतरला. राजेश्रीकडून दुसरी कादंबरी आणली. ही पहिलीहून जाड आहे. एका विहिरीत सापडलेल्या बांगडीची गोष्ट.

पण पुस्तक भुजंगाच्या हाती पडण्याआधी भिवराबाईनं ते ताब्यात घेतलं. घोंगडी शिवायचं दाभण घेतलं, काळ्या लोकरीचा दोरा ओवला, आणि शेवटचं सगळं प्रकरण कडेनं शिवून टाकलं. समाप्तीच्या दिवशी चाळीस जणांसमोर ती स्वतः उसवणार आहे. मला लिंबाखाली जागा आहे, उजव्याच हाताला, पण अर्थ सांगायची मनाई आहे.

काल भुजंग मेंढरं वळवायला उठला तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी नुसतं हात लावून बघितलं. वरच्या बाजूचे दोन टाके जरा सैल आहेत. मी दैवशालालासुद्धा सांगितलं नाही.