बॅटरीला खेटलेली अँटेना

माझा नवरा सर्किट बोर्ड आखतो. यंत्राच्या पोटात ती हिरवी पट्टी असते ना, तिच्यावर कुठला भाग कुठे बसणार, हे तो ठरवतो. वायफायच्या अँटेनात तर त्याचा हातखंडा. अँटेना बोर्डाच्या कडेला हवी, तिच्याखाली तांबं नको, शेजारी बॅटरी नको, नाहीतर सिग्नल गुदमरतो. मी कपडे शिवणारी बाई, पण हे मला तोंडपाठ आहे. लग्नानंतर हा दुसरं बोललाय काय!

तो तिकडे नोकरीच्या गावी एका खोलीत राहतो, मी इकडे सासूबाईंना आणि लेकीला घेऊन. त्याच्या कंपनीची शाखा आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. बदली मागितली की साहेब म्हणतात, "एवढा बोर्ड निघू दे, मग खुशाल जा." बोर्ड झकास चालतो आणि साहेब म्हणतात, "असा माणूस कोण सोडेल?" चांगलं काम करायची ही शिक्षा!

मध्यंतरी लेक फोनवर त्याला म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी येणार?" पाहुण्यांना म्हणावं तसं, तुम्ही! माझं डोकंच फिरलं. मी त्याला म्हटलं, "एकदा गप्प बसून दाखव. साहेब म्हणतील तिथे लाव ती अँटेना. तोंडावर आपटू दे बोर्ड. मग तेच पाठवतील तुला इकडे."

साहेबांना नव्या यंत्राची डबी चपटी हवी होती, म्हणून अँटेना बॅटरीला खेटून. एरवी यानं आकाशपाताळ एक केलं असतं. या वेळी तोंडाला कुलूप. चाचणीत सिग्नल पलीकडच्या खोलीतही पोचेना. मला इतका आनंद झाला की मी कपाटाचा एक खण त्याच्यासाठी रिकामा केला.

साहेबांनी त्याला बोलावलं. म्हणाले, "बघितलंस? तू लक्ष घातलं नाहीस की काय होतं ते? आता तर तुला सोडणं शक्यच नाही."

हे ऐकून मी संतापानं रडले. "खड्ड्यात गेली ती नोकरी, उठून ये," म्हटलं. तो हो म्हणाला.

आठवडाभरानं त्याचाच फोन आला. आवाज नुसता खुशीत. "अगं, अँटेना कोपऱ्यात नेली, बॅटरी सरकवली. काय सिग्नल आलाय म्हणून सांगू! थेट जिन्यापर्यंत!"

"ते असू दे. यायचं काय झालं?" मी विचारलं.

"कुठे?" तो म्हणाला.