बदलीचा नारळ

आमच्या गावचं मैदान उतरतं आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्याच सड्यावर गुरं राखत मी मोठी झाले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत, आणि दिवाळीनंतर गवत कापलं की खाली निव्वळ कातळ. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांचे गोल, चुलीतल्या राखेच्या रेषा आणि एका अंगाला दगडावर दगड रचून घातलेला गडगा, एवढं आमचं स्टेडियम. गडग्यावर आम्ही बायका बसायचो, समोर काजीच्या, म्हणजे काजूच्या झाडाच्या, सावलीत पुरुष. चेंडू नुसता सोडून दिला तरी तो आपसूक उत्तरेकडच्या गोलात जायचा. उत्तरेला मुंबई. आमच्या गावात जे सुटतं ते मुंबईकडेच घरंगळतं, असं लोक गमतीनं म्हणायचे. ते खोटंही नव्हतं.

खेडपासून देवरूखपर्यंत वाडीवाडीत कबड्डीचे संघ, आणि आमच्या गावाला मात्र फुटबॉलचं खूळ. बोटीवर खलाशी असलेल्या गावच्या एका जावयानं कधीतरी शिमग्याला एक चेंडू आणला, तो फाटेपर्यंत पोरं खेळली आणि फाटल्यावर गावानं वर्गणी काढून दुसरा आणला. आजूबाजूची गावं हसली. हसोत. गाव करी ते राव न करी. बघता बघता खेड-चिपळूणकडचे संघ सामन्याला येऊ लागले आणि आमच्या कातळावर गुडघे सोलून घेऊन परत जाऊ लागले.

मी त्या क्लबची सर्वात मोठ्या आवाजाची समर्थक होते. मुलीच्या जातीनं एवढं ओरडू नये, असं आई सांगायची. मी म्हणायचे, त्यांना वेळेवर गोल करायला सांग, मी गप्प बसते.

गोल करणारा बहुतेक वेळा माझा दादाच असायचा. अनवाणी खेळायचा. गवत कापल्यावर उरलेल्या खुंटांची त्याच्या तळपायांना सवय होती आणि कातळावर चेंडू कुठे उसळतो, कुठे दबतो, ते त्याला न बघता कळायचं. गिरण्यांचा संप लांबत गेला आणि बाबा ट्रंक घेऊन मुंबईहून परत आले, तेव्हा घरात कमावणारं कुणी उरलं नाही. त्याच सुमाराला लोट्याला नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका कंपनीच्या साहेबानं सड्यावर दादाचा खेळ पाहिला आणि कायमची नोकरी देऊ केली. अट एकच, खेळायचं ते कंपनीच्या संघातून. दादानं त्या रात्री आईला विचारलं, बाबांना विचारलं, मला नाही विचारलं. विचारलं असतं तर मीही जा म्हटलं असतं, पण आधी चांगली भांडले असते.

गावात ही बातमी हॉटेलात फुटली. आमच्या गावात हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक भट्टी आणि हॉटेलवाले काका. काका क्लबचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे दुधाचा रतीब घालायला मी सकाळी जायचे, त्यामुळे त्यांची सगळी सभा मला फुकट ऐकायला मिळायची.

"साहेब बोल्ला, ट्रान्स्फर," कुणीतरी म्हणालं.

"ट्रान्स्फर म्हंजे काय रं?"

"बदली."

बदली हा शब्द आमच्या गावाला फक्त मास्तरांमुळे आणि तलाठ्यामुळे ठाऊक. मी दुधाचं माप भरता भरता म्हटलं, "मग मास्तरांची बदली झाली तेव्हा शाल आणि नारळ दिलात. माझ्या दादाला नारळ कोण देणार?"

"नारळच दिला समज," काका भट्टीमागून म्हणाले. "तो काय सोडून जातोय? आपणच त्याला नारळ दिला."

सगळे हसले. नारळ देणं म्हणजे काढून टाकणं, हे काय मला कळत नव्हतं? दूध ओतून मी आले, पण त्या दिवशी त्यांना शेरभर पाणी घालून दूध द्यायला हवं होतं असं मला वाटेभर वाटत राहिलं.

हसण्यावारी गेलं असतं तर मीही विसरले असते. पण त्या हिवाळ्यात आमच्याच सड्यावर आमचा सामना ठरला तो नेमका त्या कंपनीशी. आणि मग काकांच्या डोक्यात गाऱ्हाण्याचं आलं.

आमच्याकडे गाऱ्हाण्यावाचून काही सुरू होत नाही. नांगर धरायचा, लग्न लावायचं, नाहीतर सामना खेळायचा, आधी नारळ ठेवून देवाला साकडं घालायचं. गावचे थोरले मानकरी, ज्यांना सगळे आजोबा म्हणायचे, ते एकेक वाक्य म्हणत आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. त्यात एक वाक्य ठरलेलं: जे कोण लेकरू पोटापाण्यासाठी गावाबाहेर गेलं असेल, त्याच्या हाताला यश दे आणि त्याला सुखरूप घरी आण.

"हे वाक्य बोललात तर देव त्यालाच यश देणार," काका आजोबांना म्हणाले. मी दूध घेऊन दारात उभी होते. "आपल्याच नारळानं आपलाच पराभव. त्या दिवसापुरतं गाळा."

"गाऱ्हाण्यातलं गाळायचं कसं रं?" आजोबा म्हणाले.

"कसं म्हंजे? बोलायचं नाय."

"पण त्यात हाताला यश दे असं हाय," बाकड्यावरून एक जण समजुतीनं म्हणाला. "हा खेळ पायाचा."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं बशीतला चहा एका घोटात संपवला.

मी तिथेच बोलले. म्हटलं, आजोबा, देवाला आपल्या माणसाचा विसर पडेल असं गाऱ्हाणं घालायचं असतं का? आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, पुरुषांच्या गोष्टी हायत." काकांनी दुधाचं भांडं रिकामं करून माझ्या हातात दिलं, म्हणजे निघ आता.

मला राग सामन्याचा नव्हता. मला कंपनीला हरवायचंच होतं, दादासकट. पण गाऱ्हाण्यातून गाळलेला माणूस गावातून गाळल्यासारखाच. आज वाक्य गेलं तर उद्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात टेकेल याची कुणी हमी द्यायची? दादा दर रविवारी घरी येई आणि हॉटेलापुढून खाली मान घालून जाई. कंपनीनं त्याचा खेळ नेला होता, तो तिचा तिला लखलाभ. पण गावानं त्याचं गाव काढून घ्यायचं, हे मी चालू देणार नव्हते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तू नको पडू त्यात. बाबा उठून गोठ्याकडे गेले. संपानंतर ते कशातच पडत नसत.

सामन्याच्या दिवशी कंपनीची बस सड्याच्या पायथ्याशी थांबली आणि त्यातून निळ्या बनियनमधले खेळाडू उतरले, पायात खिळ्यांचे बूट. कातळावर ते टकटक करत असे चालले की गडग्यावर खसखस पिकली. दादा सर्वात शेवटी उतरला. काजीखालून कुणी हाक मारली नाही. तो सरळ गडग्याकडे आला, खाली बसून बूट काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"सांभाळ," म्हणाला. "हे हितं चालायचं नायत."

"मी तुझ्याविरुद्ध ओरडणार आहे हां," मी म्हटलं.

"ओरड. नायतर मला वाटेल आजारी हायस."

असे शत्रूचे बूट मांडीवर घेऊन मी बसले. शेजारी हॉटेलवाल्या काकू होत्या, त्यांच्या पलीकडे सगळ्या वाडीतल्या बायका. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आजोबांना ऐन वेळी ते वाक्य गाळणं जमणारच नाही.

आजोबांनी नारळ ठेवला. गाऱ्हाणं सुरू झालं. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, वाटेवरचा विंचूकाटा झाला, प्रत्येकाला पुरुषांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मग ते वाक्य यायच्या जागी आजोबा थांबले, काकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुढच्या वाक्याला गेले.

गडग्यावर क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना हे गाऱ्हाणं पाठ होतं. म्हणायचा मान नव्हता म्हणून काय झालं, जन्मभर मागे उभ्या राहून ऐकलेलं होतं. आणि त्यातलं हेच एक वाक्य त्या कान टवकारून ऐकायच्या, हे काजीखाली कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुरुषांना वाटलं, आपण एकच माणूस गाळला. पण त्या वाक्यात अर्धं गाव होतं.

"थांबा!" मी उभी राहिले. बूट हातात. "एक वाक्य ऱ्हायलं."

"खाली बस गो," काका ओरडले.

पण मी बसायच्या आधीच शेजारून काकू उठल्या. काकूंना मी नवऱ्यासमोर मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी अख्ख्या सड्यानं ऐकलं.

"माझा थोरला मुंबईत नाय काय?" त्या म्हणाल्या. "तो कुठल्या वाक्यात हाय सांगा मला. हिचा न्हवरा, तिचा दीर, कुठल्या वाक्यात? शिमग्याला पोरगा सुखरूप आला की पेढे वाटता, आन् आज त्याला देवाम्होरून पुसून टाकलात? खेळ गेला चुलीत!"

मग काय विचारता. गडगा सगळा उठला. कुणी नवऱ्याचं नाव घेईना, रीतच नव्हती, त्यामुळे ही म्हणे "आमचे", ती म्हणे "आमचे", आणि सड्यावर नुसतं आमचे-आमचे माजलं. कंपनीचे खेळाडू बिचारे बूट घालून उभे. त्यांच्या साहेबाला वाटलं मैदानावरून तंटा आहे. तो कुणालातरी विचारत होता, जमीन नेमकी कुणाची आहे.

काका काजीखाली तोंड उघडं टाकून उभे होते. आपल्याच मुलाला आपणच गाळलं, हे त्यांच्या डोक्यात बायकोनं सांगेपर्यंत आलंच नव्हतं. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

आजोबांनी हात वर केला. म्हणाले, गाऱ्हाणं मोडलं, आता पहिल्यापासनं. आणि पुन्हा पाऊसपाण्यापासून सुरुवात केली. त्या वाक्याशी आले तेव्हा ते काकांकडे न बघता गडग्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जे कोण लेकरू पोटापाण्यासाठी गावाभायेर गेलं आसंल, त्याच्या हाताला यश दे, त्याला सुखरूप घरला आण रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज बायकांचा होता. पुरुषांचा मागून आला. बायकांनी व्हय म्हाराजा म्हणायचं नसतं, असं नंतर आठवडाभर मला बऱ्याच जणांनी समजावलं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, तुम्ही वेळेवर म्हणत जा, मग आम्हाला म्हणावं लागणार नाही.

सामना झाला. कंपनीचे खेळाडू खिळ्यांच्या बुटांवर असे घसरत होते की आमच्या पोरांना त्यांना अडवायचीही गरज पडेना. मी घसा बसेपर्यंत ओरडले. दादाकडे चेंडू गेला की पाड त्याला, पाड, असं मीच ओरडत होते, आणि शेजारी आई कपाळाला हात लावून बसली होती. शेवटी शेवटी दादाला चेंडू मिळाला. तो गडग्याच्या कडेनं आला. तिथे कातळाला एक खळगा आहे, त्यात चेंडू पडला की उजवीकडे उसळतो. आमच्या गोलरक्षकालाही ते ठाऊक होतं. पण दादाला ते आधी आठवलं. गोल.

आम्ही हरलो, त्या एका गोलानं. मी दादाला मेल्या म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

साहेब धावत आला आणि दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा! आमच्या कंपनीचा खेळाडू!"

काजीखालून काका ताडताड चालत आले. मला वाटलं आता मारामारी होणार. मी बूट घट्ट धरले, लागले असते कामाला.

"तुमचा?" काका साहेबाला म्हणाले. "तुमची बाकीची धा पोरं सकाळधरनं बर्फावर चालल्यागत चालतायत. ती तुमची. ह्यानं तुमचे बूट काढले तवा गोल झाला. आमच्या खळग्यातनं केला, आमच्या गाऱ्हाण्यानं केला. गोल आमचा हाय."

साहेब हसला. त्याला ती थट्टा वाटली. काका हसत नव्हते.

खाली बस भोंगा वाजवू लागली. दादाला दुसरी पाळी होती. तो बूट घ्यायला माझ्याकडे आला, तोवर काकांनी गाऱ्हाण्याचा नारळ फोडून आणला होता. त्यातली अर्धी वाटी त्यांनी दादाच्या हातात कोंबली. इतके महिने ते त्याच्याशी बोलले नव्हते.

दादानं वाटीकडे पाहिलं. "काका, मला नारळ देताय?"

"नारळ परक्याला देतात," काका म्हणाले. "ह्यो परसाद हाय. गप खा, आन् रविवारी येशील तवा हॉटेलात ये."