सूनबाईचा कॉम्प्युटर आणि माझा आगाऊपणा

माझी सून कशी आहे असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगते, हट्टी. बोलायला गोड, पण हट्टी. लग्न होऊन आली तेव्हा एका इंजिनीअर साहेबांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. मग नात झाली, नातीचं आजारपण झालं, नोकरी सुटली. चार वर्षं घरात काढली आणि एक दिवस म्हणाली, "आई, घरी बसून नकाशांचं काम मिळेल मला. फक्त कॉम्प्युटर दमदार हवा."

कॉम्प्युटर घरात होता, माझ्या मुलाचा, कॉलेजातला. त्याचं बटण दाबून मी चहा टाकायची. चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंच. "मग नवा घे की," मी म्हणाले. तिनं नव्याची किंमत सांगितली. मी म्हटलं, "जुना काय वाईट आहे?"

मग तिनं ठरवलं, महिन्याला एक भाग. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज टाइप करायची आणि त्या पैशात जे बसेल ते आणायची. पहिल्यांदा एक चपटी डिस्क आणली, पत्त्यांच्या कॅटाएवढी. ती लावली आणि चहाला आधण यायच्या आत कॉम्प्युटर सुरू! मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसले सुटतोय! मग रॅम वाढवली. मग कळलं, नकाशातलं घर पडद्यावर उभं करून फिरवायचं तर प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, बदलावा लागणार. नवा मेंदू जुन्या बोर्डावर बसेना, म्हणून बोर्ड बदलायचा. नव्या बोर्डाला आधीची रॅम चालेना. मी म्हणाले, "अगं, बटण लावायला बसलीस आणि अख्खा सदरा शिवतेयस." ती हसली आणि ती रॅम विकून आली.

माल घ्यायची वापरलेला, पण कॉम्प्युटरच्या दुकानातच जोडून, अर्धा तास चालवून, मग पिशवीत टाकायची. तो दुकानदार मला एकदा बाजारात भेटला. म्हणाला, "मावशी, तुमच्या सुनेला फसवायचं तर मला पुन्हा जन्म घ्यावा लागेल." मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू! घरी मात्र बोलले नाही. उगाच चढून बसली असती.

आता माझी एक सवय सांगते, हसायचं तर हसा. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढलेलं मला खपत नाही. आमच्या खुर्च्या प्लास्टिकात, रिमोट प्लास्टिकात. मुलाच्या नव्या घड्याळाच्या काचेवरची फिल्म मी दीड वर्ष काढू दिली नव्हती. पण रिमोट बारा वर्षांचा झालाय आणि एकूण एक आकडा वाचता येतो, त्याचं काय?

अखेर एका रविवारी सगळे भाग जमले. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून ती जोडायला बसली, मी स्क्रू वाटीत गोळा करायला. सगळ्या सामानात एकच वस्तू नवी कोरी होती, कूलर. म्हणजे वर पंखा आणि खाली तांब्याची चकती. मेंदू तापला की गार करायला. तिनं चकतीवरची पारदर्शक फिल्म सोलून बाजूला ठेवली आणि तेवढ्यात आत नात पलंगावरून पडली. ती धावली. मी बघते तर चकती आरशासारखी चकचकीत आणि खिडकीतून ही धूळ! मी फिल्म उचलली, परत चिकटवली आणि अंगठ्यानं अशी घासली की एक बुडबुडा राहू दिला नाही. काम करायचं तर चोख करायचं. मग नातीला मी मांडीवर घेतलं. सुनेनं परत येऊन मेंदूवर पांढरी पेस्ट लावली आणि कूलर बसवून टाकला. मी ते विसरूनही गेले.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा तिनं नातीला उचलून गिरकी घेतली. लगेच तिच्या जुन्या साहेबांना फोन केला. साहेबांनी परीक्षा म्हणून एक दुमजली घर दिलं. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत करून पाठवलं तर दर महिन्याला काम, नाहीतर दुसरी एकजण तयारच होती.

आणि सोमवारपासून तमाशा सुरू. नुसता चालू ठेवला तर कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालायचा. घर फिरवायला घेतलं की पाच-सात मिनिटांत फट्‌कन बंद! तिनं रॅम काढून घातली. वायरी बदलल्या. वीज पुरवणारा डबा खांद्यावर मारून दुकानात नेला, तिथं तो ठणठणीत निघाला. मंगळवारी मुलगा कामावरून आला आणि सगळा पसारा बघून मला म्हणाला, "आई, तुला तर बरंच वाटत असेल. तुला हे खूळ नकोच होतं." मी त्याला झापलं. पण खरं सांगू? सुरुवातीला नकोच होतं मला. आता मात्र तिचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता.

बुधवारी दुपारी एक वाजता ती खुर्चीत हातपाय गाळून बसली. "साहेबांना कळवते, नाही जमत म्हणून."

"अगं, पण होतंय तरी काय नेमकं?"

तिनं पडद्यावरचा एक आकडा दाखवला. अठ्ठ्याण्णव. "हा मेंदूचा ताप, पाणी उकळायला आलं एवढा. काम दिलं की इथवर जातो आणि जळू नये म्हणून आपला आपण बंद होतो. ही उष्णता तांब्यात जायला हवी, ती जातच नाही. मध्ये काही अडकलं तरच असं होतं. पण अडकणार काय? फिल्म तर मी माझ्या हातानं काढली."

फिल्म म्हटल्यावर मला रविवार आठवला. मूग गिळून गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? आणि बोलले तर मुलगा काय म्हणणार, हेही मला माहीत होतं. आईनं मुद्दाम केलं. तिलाही तसंच वाटलं तर? ह्या एका भीतीनं मी स्वयंपाकघरात गेले, विनाकारण नळ सोडला, बंद केला आणि परत आले.

"ती मी परत लावली," मी म्हणाले. "धूळ बसेल म्हणून. तू आत गेलीस तेव्हा."

"आई!" लग्न झाल्यापासून माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता तिनं, तो तेव्हा चढला. "तीन दिवस! तीन दिवस डोकं फोडून घेतेय मी! विचारायचं तरी एकदा!" मी ऐकून घेतलं. उलट उत्तर द्यायची माझी जन्माची खोड, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही. मग तिनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर द्या."

कूलर निघाला. फिल्म जशीच्या तशी, एक सुरकुती नाही. पेस्टची नळी रिकामी होती आणि बुधवारी दुकान बंद. तिनं फिल्मवरची पेस्ट जुन्या एटीएम कार्डानं खरवडून मेंदूवर पसरली. "आई, हा सरळ धरा. हलवू नका." मी दोन्ही हातांनी धरला. कॉम्प्युटर चालू केला, घर फिरवायला घेतलं, आकडा चढत चढत एकसष्टवर आला आणि थांबला. सात मिनिटं झाली. दहा झाली. मी नातीला घेऊन बाहेर गेले आणि गल्लीला सतरा चकरा मारल्या. सहाला वीस मिनिटं असताना खिडकीतून तिचा आवाज आला, "आई, गेलं!"

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. काम मिळालं. पहिल्याच महिन्यात तीन घरं.

रात्री जेवायला बसलो तेव्हा मुलगा खुशीत होता. बायकोला म्हणाला, "पण बिघाड काय होता गं शेवटी?"

ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "काही नाही रे. कूलरची फिल्म काढायची राहिली होती. माझीच चूक."

"काय वेंधळी आहेस!" तो हसायला लागला. "मेस्त्रीण म्हणे!"

ती पण हसली. विषय संपलाच होता. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणाले. "तिनं काढली होती. मी परत चिकटवली."

तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"आई, अहो, कशाला?" ती हळूच म्हणाली. "मला सांगितलंत ना, झालं. ह्याला सांगायची काही गरज नव्हती."

"तुला नसेल," मी म्हणाले. "मला होती."