कुशावर्ताचं पाणी

केदारनाथला जायचं ठरलं तेव्हा आई एकोणसत्तरची होती आणि मी सत्तेचाळीसची. "त्र्यंबक दारात असताना कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा," असं म्हणत बाबांनी तिची ही इच्छा जन्मभर टोलवली. ते गेल्यावर तिनं तो विषय पुन्हा काढला. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडातलं पाणी तांब्याच्या गडूत भरून ते केदारनाथाला स्वतःच्या हातानं वाहायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

तयारी अगदी नाशिककरांची. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणाऱ्या बाईला चालायला कोण शिकवणार? कुणी घोडा सुचवला की ती हसायची, "फेरी कुणी घोड्यावर करतं होय?" वर हवा विरळ होते, हे आम्हा दोघींच्या गावीही नव्हतं.

गौरीकुंडापासूनची वाट आधी दाट झाडीतून होती, खाली मंदाकिनीचा सतत आवाज. आई पुढे, मी धापा टाकत मागे. नदी ओलांडल्यावर चढ अंगावर आला. झाडं संपली, नुसतं गवत उरलं, मग घळीघळीत मळकं बर्फ दिसायला लागलं. देऊळ तीनेक किलोमीटरवर असताना आई मटकन खाली बसली. तिला दम लागला होता. चहा पोटात गेल्यावर चेहऱ्यावर जरा रंग आला. म्हणाली, "आता घोडा करू या."

"काही नको. परत फिरायचं. पुढच्या वर्षी येऊ," मी दरडावलं.

तिनं वाद घातला नाही. वर निघालेल्या एका अनोळखी बाईच्या हातात गडू दिला. "बहनजी, त्र्यंबक का पानी है. चढा देना." ती बाई वळणाआड जाईपर्यंत आई बघत राहिली.

पुढचं वर्ष आलंच नाही. मार्गशीर्षात आई गेली.

लोक म्हणतात, वेळेवर परत फिरलात म्हणून ती तेवढी तरी जगली. असेलही. पण त्या क्षणी मी तिच्या छातीचा विचार करत नव्हते. माझे गुडघे कामातून गेले होते, घोड्यावर बसायची मला भीती वाटत होती आणि तिला एकटीला पुढे पाठवायची हिंमत नव्हती. मला घरी यायचं होतं.

आईला ते कळलं होतं. दर्शन कसं झालं, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "मलाच नाही झेपलं हो. लेक म्हणत होती, चल म्हणून."

मी शेजारी बसून मान डोलवायचे.