धाकटीची होडी

धरणाच्या तलावावर सहलीला येणाऱ्यांना होडीतून फिरवायचं काम लग्न झाल्यापासून थोरलीकडे होतं. वल्ही मारून तिच्या हाताला घट्टे पडले होते. मग दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ आली आणि धक्क्यावरचं चित्रच पालटलं.

धाकटी भारी बोलकी. वल्हवता वल्हवता अशा गप्पा हाणायची, की हसण्याचा आवाज काठापर्यंत यायचा. थोरलीची होडी समोर रिकामी डुलत असली तरी लोक म्हणायचे, "त्या हसऱ्या बाई येऊ देत, आम्ही थांबतो." थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी वारा सुटला आणि भर तलावात धाकटीच्या हातून वल्हं निसटलं. थोरली आपली होडी घेऊन गेली, धाकटीची होडी दोराने बांधून ओढत काठाला घेऊन आली. तिला धाप लागलेली, आणि लोक उतरताना धीर देत होते ते धाकटीला!

होड्या बांधताना थोरलीचा जिभेवरचा ताबा सुटला. "वल्हं सांभाळता येत नाही आणि मिरवतेस कसली?"

धाकटी दोराची गाठ मारता मारता थांबली. "जाऊबाई, मला पोहता येत नाही. घरी कुणालाच ठाऊक नाही. पाण्यात गेले की भीती वाटते, म्हणून बडबडत राहते."

सासूबाईंच्या कानावर घातलं असतं, तर धाकटीची होडी कायमची बंद झाली असती. थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"पोहायला येईपर्यंत माणसं न्यायची नाहीत," ती म्हणाली. "उद्या सकाळी लवकर ये."

घरी तिने सांगितलं, की धाकटीचं वल्हं मोडलंय, नवं येईपर्यंत तिची होडी बंद. रोज सकाळी ती धाकटीला उथळ पाण्यात न्यायची, पोटाखाली हात धरून तरंगायला लावायची, वर रागवायचीही. दिवसभर सगळी गिऱ्हाइकं आता तिच्याच होडीत, पण लोक बसता बसता विचारायचे, "त्या हसऱ्या बाई दिसत नाहीत?"

थोरलीला पोहायला शिकताना अख्खा उन्हाळा लागला होता. ही पंधरवड्यात एकटी पोहायला लागली. थोरलीच्या पोटात दुखलंच.

सासूबाईंनी धक्क्यावरून पाहिलं. "कशी झरझर पोहते गं आमची धाकटी!"

"जाऊबाईंनी शिकवलं!" धाकटी पाण्यातून ओरडली.

"शिकवलं असेल. पण मुळात अंगात असावं लागतं."

थोरलीने टॉवेल धाकटीच्या अंगावर फेकला. "पूस लवकर, लोक यायला लागलेत," म्हणाली आणि तणतणत आपल्या होडीतलं पाणी उपसायला गेली.