डाव्या बाजूचं मडगार्ड

जुन्या, महागड्या गाड्यांची किंमत ठरवणाऱ्या या बाईला बाजारात सगळे 'तंद्री' म्हणायचे, तेही तिच्या तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. गाडी बघायला बोलावलं की मालकाला वाटायचं, बाई आल्या आल्या बॉनेट उघडेल, खाली वाकेल, गंभीर चेहऱ्याने काहीतरी पुटपुटेल. ही मात्र मागचं दार उघडून आत बसायची, दार लावून घ्यायची आणि डोळे मिटायची. मालक बिचारा बाहेर ताटकळत. एकाने तर घाबरून काचेवर टकटक केली होती, बाईंना चक्कर आली की काय म्हणून.

आत बसल्यावर तिला बरंच काही कळायचं. जुन्या चामड्याचा वास यायचा, लाकडी पट्टीवर ऊन तापलेलं असायचं, बंद काचांपलीकडचा रस्ता लांब लांब जायचा. गाडी जागची हलायची नाही आणि तरी कुठेतरी निघाल्यासारखं वाटायचं. गादी कुठे झिजलीय यावरून आत नेहमी कोण बसायचं, खिडकीपाशी कोणाचं कोपर टेकायचं, हे हळूहळू डोळ्यांपुढे यायचं. मग ती बाहेर येऊन गाडीभर तळहात फिरवायची आणि आकडा सांगायची. त्या आकड्यावर कोणी हुज्जत घालत नसे. तिच्या एका शब्दावर लोक गाड्या घ्यायचे, म्हणून तो शब्द ती फार जपून द्यायची.

तळहाताची ही विद्या बाबांची. बाबा डेंटर होते, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे, आणि डावखुरे. बाकीचे खड्ड्यात पुट्टी भरून वर रंग फासायचे. बाबांना पुट्टीचा डबा नुसता दिसला तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या. ते अख्खा नवा भाग हाताने घडवतील, पण लिंपणार नाहीत. आता हात थरथरायचे, नजर गेल्यात जमा होती, दिवस खिडकीपाशी खुर्चीत जायचा. ती घरी आली की पहिला प्रश्न, "आज कुठली बघितलीस?" आणि त्यामागोमाग ठरलेलं वाक्य, "माझं काम आजवर कोणाला सापडलेलं नाही, सांगून ठेवतो." दुकान गेलं होतं, हत्यारं गेली होती. मिरवायला त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं.

त्या दुपारी तिला ज्या गाडीसाठी बोलावलं ती लांबलचक, गडद जांभळ्या रंगाची होती. त्या बनावटीच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या उरल्या होत्या. मालक म्हणजे एक एकटे राहणारे काका. ते लेकीकडे राहायला निघाले होते आणि तिथे ही गाडी ठेवायला जागा नव्हती. घेणारा एक शौकीनही तिथे आला होता, अशा गाड्या जमवणारा. त्याची अट एकच, गाडीचा सगळा पत्रा कंपनीतून आला तसाच हवा. त्याने स्वतः सगळीकडे लोहचुंबक लावून पाहिलं होतं. ते सगळीकडे चिकटलं, म्हणजे पुट्टी कुठेच नव्हती.

"वडिलांनी फुलासारखी जपली हो," काका म्हणाले. "एक ओरखडा नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, म्हणजे मी सुटलो."

नेहमीप्रमाणे ती आत जाऊन बसली. पण आज तिचं मन तिथे ठरेना. चामड्याच्या वासाखाली कसलातरी दुसराच वास होता, तापलेल्या लोखंडाचा, किंवा तिला तसा भास झाला. ती बाहेर आली. डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवरून तळहात गुळगुळीत सरकला, कुठेही अडला नाही. तिने सवयीने हात चाकावरून आत घातला आणि आतल्या बाजूने फिरवला. हातोडीचे बारीक ठसे लागले. सगळे उलट्या दिशेला कललेले, डावखुऱ्या माणसाचे.

बोटं आणखी वर गेली आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या एका खोचेत थांबली.

ती खोच तिचीच होती. राखाडी उजेडाची शेड, ताडपत्रीखाली झाकलेली कुणाची तरी मोठी गाडी, आणि लाकडी घोडीवर चढवलेलं हे उघडं मडगार्ड. ती एवढीशी पोर. आतून ठोकून आकार आला की बाबा बाहेरून ठोकायचे आणि ती आतून दोन्ही हातांनी पोलादी ठोकळा टेकवून धरायची. ठक, ठक, ठक. त्या तालावर तिचे डोळे जड झाले, हात भरून आले, ठोकळा तिरका झाला आणि त्याचा कोपरा पत्र्यात रुतला. ती गप्प राहिली. बाबाही काही बोलले नाहीत. बाहेरून त्यांनी ती जागा अशी सारखी केली की झालं गेलं सगळं पुसलं गेलं.

"काय ताई, लागली का झोप?" शौकीन हसत म्हणाला.

ती मडगार्डपाशी तशीच बसून राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं! काकांना पूर्ण किंमत मिळाली असती, शौकीन खुशीत गाडी घेऊन गेला असता, बाबांचं काम रस्त्यावर दिमाखात फिरत राहिलं असतं. पण हा माणूस तिच्या शब्दावर विसंबून उभा होता. आणि मनातलं सांगायचं तर, तिला ते ओरडून सांगायचं होतं. तिचा ऊर भरून आला होता.

"हे डावं मडगार्ड कंपनीचं नाही," ती म्हणाली. "हाताने बनवलेलं आहे. माझ्या बाबांनी."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, काहीतरीच काय! आमच्या गाडीला कोणी हात लावलेला नाही!" तिने त्यांचा हात धरून आत नेला, ठसे चाचपून दाखवले. काका घराच्या पायरीवर जाऊन बसले. "म्हणजे ड्रायव्हरने कुठेतरी ठोकली आणि वडिलांना पत्ताही लागू दिला नाही," ते पुटपुटले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "जरा कानाडोळा केला असता तर काय बिघडलं असतं, बाई?" तिला त्यांच्याकडे बघवेना.

किंमत बरीच खाली आली. शौकिनाने तरीही गाडी घेतली. "कंपनीचं मडगार्ड शोधून बसवीन," तो म्हणाला. "हे जाईल भंगारात."

भंगार हा शब्द तिला फार लागला. तिच्या खरेपणाची शिक्षा बाबांच्या कामाला मिळणार होती. "माझी फी देऊ नका," ती म्हणाली. "त्याऐवजी हे मडगार्ड मला द्या."

"तंद्री ती तंद्रीच!" म्हणत शौकिनाने कपाळाला हात लावला. पण तो कबूल झाला आणि शब्दही त्याने पाळला. कंपनीचं मडगार्ड मिळायला बरेच महिने गेले, आणि मग एका सकाळी टेम्पोवाला ती जांभळी वस्तू पायऱ्यांवरून तोलत वर घेऊन आला.

खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. तिने मडगार्ड बाबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. कुठून आलं, काही सांगितलं नाही.

"बाबा, एक अडलंय. जरा हात फिरवून सांगता, कंपनीचं आहे का?"

किती वर्षांनी कोणी त्यांना काही विचारत होतं! बाबा खुर्चीत सावरून बसले. थरथरणारा तळहात पत्र्यावर टेकला आणि थरथर थांबली. हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश गेला, मग परत आला.

"कंपनीचं आहे," बाबा ठामपणे म्हणाले. "याला कोणी हात लावलेला नाही. यात अडण्यासारखं काय होतं?"

तिला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांचं काम खुद्द त्यांनाही सापडलं नव्हतं. आता हे असंच राहू द्यावं, असं तिच्या मनात आलं. पण जन्माची सवय. बाबांचा डावा हात आपोआप आतल्या बाजूला गेला. बोटं सरकत सरकत एका जागी थांबली. परत मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

ऊन टेबलावरून खाली उतरलं.

"ठोकळा तिरका धरला होतास," बाबा म्हणाले.

"हात भरून आले होते, बाबा."

त्यांनी बोट त्या खोचेतून काढलं नाही.

"मग सांगायचं नाही का, पोरी? मी थांबलो असतो."