खाऱ्या पाण्याचे बिराजदार

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले शिवशरण बिराजदार रोज सकाळी फिशटँकच्या पाण्यात करंगळी बुडवून ती जिभेला लावायचे. खारटपणा मोजायचं यंत्र शेजारीच असायचं, त्यातला आकडाही बघून झालेला असायचा, पण जिभेची साक्ष काढल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग मान हलवून म्हणायचे, "आज बरं हाय." घरात कुणी आजारी असावं, तसं ते पाण्याबद्दल बोलायचे.

मूळचे ते कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीचे. बोलण्यात मराठीत कानडी मिसळलेली. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. सगळी उमर यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे 'चहा झाला का' हे सुद्धा जिनाभर घुमेल असं विचारायचे. बायकोपासून वेगळे झाले होते. भांडणतंटा काही नव्हता. "बोलायसारखं काय उरलंच न्हाय वैनी," एवढंच एकदा मला म्हणाले. मुलगी सृष्टी आईबरोबर पुण्याला असायची.

सृष्टी दुसरीत असताना तिनं पुण्यातल्या एका मॉलमध्ये क्लाउनफिश पाहिले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. रात्री फोनवर तिनं सहज विचारलं, "बाबा, तुमच्याकडे आहेत असे मासे?"

बिराजदार म्हणाले, "आत्ता न्हाईत. तू सुट्टीला येशील तवर असतील की."

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारं आमचं गाव. उन्हाळ्यात इथल्या भिंतींनासुद्धा हात लाववत नाही. तिथं या माणसानं बैठकीच्या खोलीत समुद्र आणायचं ठरवलं. मोठी काचेची टाकी आली, पांढरी वाळू आली, टाकीत ठेवायचे सच्छिद्र दगड आले, पुण्याहून खास समुद्री मिठाची पोती आली. ड्रमात गाळलेलं पाणी घेऊन त्यात मीठ घोळवताना ते घामाघूम व्हायचे. पण टाकी भरल्यावर मासे काही येईनात. नुसतं पाणी, दगड आणि मोटरची घरघर. बिल्डिंगमधली माणसं जाता-येता डोकावून विचारायची, "काय बिराजदार, मासे पोहायला गेले की काय?"

मीही एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "निधान वैनी, निधान. आधी पाणी जगाय पायजे. मासा मागनं येतंय." निधान म्हणजे कानडीत सावकाश. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते माशांची घाण पचवतात, ते वाढेपर्यंत मासा सोडला तर मरतो, हे त्यांनी मला तेव्हा समजावून सांगितलं. दिवाळीची सुट्टी आली आणि गेली. टाकी तशीच रिकामी होती. सृष्टीच्या आईनं सांगितलं, मासे नाहीत तर पुढच्या सुट्टीत पाठवते.

मग एकदाचे दोन मासे थर्माकोलच्या डब्यात घालून एसटीनं आले. डबा बिराजदारांनी पुण्यापासून मांडीवर धरला होता. वाटेत टेंभुर्णीला गाडी थांबली तरी चहाला उतरले नाहीत. सृष्टीनं व्हिडिओ कॉलवर नावं ठेवली, जिलेबी आणि बुंदी. मे महिन्यात ती आलीसुद्धा. दोन दिवस काचेला नाक लावून बसली. बिराजदार तिच्या मागं खुर्ची टाकून बसले होते. ते माशांकडे बघत नव्हते.

पुढं तिचं येणं कमी होत गेलं. कधी क्लास, कधी शिबिर, कधी नुसतंच 'तिकडे फार ऊन असतं'. फोन मात्र दर रविवारी यायचा. बिराजदारांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. "जिलेबी लई खाती गं! बुंदीला हाकलून लावती!"

तिकडून बोलावणीही यायची. वाढदिवसाला या, गॅदरिंगला या, माझा नाच आहे. इकडून उत्तर ठरलेलं. "लाईट गेली तर पाणी तापतंय बाळा. यांना सोडून कुटं येऊ?"

एकदा न राहवून मी म्हटलं, "भावजी, किल्ली माझ्याकडे द्या आणि जा. मी बर्फाच्या बाटल्या सोडीन पाण्यात. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"व्हय, जातो की," म्हणाले. किल्ली दिली, बॅग भरली. संध्याकाळी बघते तर लुंगीवर, टाकीसमोर.

"गेला नाहीत?"

त्यांनी करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावली. मग त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाले, "तितं जाऊन काय बोलायचं वैनी? हितं मासं तरी हाईत."

किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला कारखान्यात त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. मैंदर्गीला माती दिली. सृष्टी आईबरोबर आली होती. उंच झालेली, ओठ घट्ट मिटलेली. परत जाण्याआधी दोघी फ्लॅटवर आल्या. आई कपाट आवरत होती. सृष्टी टाकीसमोर उभी राहिली. मी तिला विचारलं, "नेतेस का यांना?"

"नको काकू," ती म्हणाली. "मला मासे फार आवडायचेच असं नाही. लहान होते तेव्हा आवडले होते. नंतर बाबा फोनवर गप्प बसायचे. माशांचं विचारलं की बोलायला लागायचे. म्हणून विचारायचे मी."

तिची आई कपाटाशी तशीच थांबली. वर्षानुवर्षं तो माणूस तिच्यासाठी पाणी जगवत होता आणि ती पोर त्याच्यासाठी माशांची चौकशी करत होती. दोघांनाही हवं होतं ते वेगळंच, आणि ते मागायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मासे कुणी घेतले नाहीत. इथले दुकानदार गोड्या पाण्यातले मासे विकणारे, खाऱ्या पाण्याचं नाव काढताच हात जोडायचे. फ्लॅट रिकामा होईपर्यंत मीच टाकी सांभाळत होते. जमेल तसं मीठ घालत होते, पाणी बदलत होते. त्याच मे महिन्यात एके दिवशी सकाळी गेलेली लाईट दिवेलागणीपर्यंत आली नाही. फ्रीजमधला बर्फ दुपारीच संपला. आधी बुंदी वर आली. जिलेबी थोडा वेळ तिच्याभोवती फिरत राहिली, मग तीही तळाशी जाऊन आडवी झाली.

पुढच्या रविवारी माझा फोन वाजला. "काकू, जिलेबी कशी आहे?"

मी खरं ते सांगितलं.

"दोघी पण?"

"दोघी पण."

मी सुट्टीतल्या क्लासचं विचारलं. ती म्हणाली, छान चाललाय. आईचं विचारलं. ती म्हणाली, बरी आहे. मग नुसतीच ती फोन धरून होती, मी फोन धरून होते. शेवटी तीच म्हणाली, "ठेवू का काकू?"

मी "हो" म्हटलं. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही.